माडीसाठी पिल्लू

कुत्र्याविषयी कुत्र्याच्या मालकाला विचारायचे नाही, शेजाऱ्याला विचारायचे, असा आमच्या कचेरीतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा नियम होता. साताऱ्याला एका निवृत्त सुभेदाराकडे आम्ही पिल्लू बघायला गेलो, तेव्हा ते सुभेदाराच्या दारावरून तसेच पुढे गेले आणि पलीकडच्या घराची कडी वाजवली. गंजिफ्रॉक घातलेले एक गृहस्थ बाहेर आले.

"शेजारचं कुत्रं भुंकतं का?" यांनी विचारले.

"कोन तुमी?"

"गिऱ्हाईक."

गृहस्थांनी सुभेदाराच्या घराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "आवं, भुंकतं म्हंजी? मागं त्ये आजारी पडलं आन् गप बसलं, तर आमच्या घरात कुनाला झोप न्हाई. सवय झालीया."

यांनी नमस्कार केला आणि ते स्टेशनच्या रस्त्याला लागले. सांगलीहून एवढ्या लांब येऊन पिल्लाचे तोंडही पाहिले नव्हते. मी तसे म्हणालो.

"पिल्लू बघून काय कळणार?" ते म्हणाले. "पिल्लं सगळीच चांगली दिसतात. आईबापांचा लौकिक विचारायचा."

ते सांगलीतल्या एका साप्ताहिकात मुद्रिते तपासत. मी तिथे नवा बातमीदार होतो. युद्धाचे दिवस होते. कागद तुटपुंज्या प्रमाणात मिळे, पाने कमी झाली होती आणि बातम्या मात्र वाढल्या होत्या. सातारा जिल्ह्यातून रोज काही ना काही येई: अमक्या गावात पोलीस शिरले, तमक्या ठिकाणी तारा तोडल्या. बातमीवर संपादकांची सही असे, पण ती सही यांनी मजकूर वाचल्यानंतरच होई. कुणी बातमी घेऊन आला की त्यांचा एकच प्रश्न असे. "पाहिलं का ऐकलं?" ऐकलेली बातमी ते टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवत. डाव्या बाजूचा ढीग नेहमी उंच असे.

एकदा गावातले एक प्रतिष्ठित निवृत्त अधिकारी वारल्याची बातमी आली. बातमी आणणारे तिघे होते आणि तिघेही खात्रीने सांगत होते. संपादकांनी मृत्युलेख लिहून जुळवायला दिला. यांनी टोपी घातली, सायकल काढली आणि ते त्या अधिकाऱ्यांच्या घरी गेले. दार उघडायला स्वतः मयत आले. "काय काम काढलंत?" त्यांनी विचारले. हे म्हणाले, "काही नाही. पत्ता चुकला." परत येऊन त्यांनी लेख डाव्या बाजूला ठेवला. पुढे ते अधिकारी खरोखरच वारले तेव्हा तो लेख तसाच वापरता आला.

या शहाणपणाची दुसरी बाजू त्यांच्याबरोबर राहणाऱ्यालाच कळे. शेंगदाणा फोडून, आत पाहूनच ते तोंडात टाकत. कचेरी बंद करून निघाले की वाटेतून परत येऊन दिवा विझवल्याची खात्री करत, आणि बहुतेक वेळा मला बरोबर आणत, कारण एकट्याने पाहिलेले त्यांना पुरत नसे. "काय, कसं काय?" असे कुणी सहज विचारले तर उत्तर ठरलेले असे. "आत्तापर्यंत ठीक." हे ते विनोदाने म्हणत नसत.

त्यांची काळजी हवेतली नव्हती, हे मला त्यांच्या घरी गेल्यावर समजले.

ते विधुर होते. हळदीच्या एका व्यापाऱ्याच्या घरात, माडीवरच्या दोन खोल्यांत, आईला घेऊन राहत. आई जन्मभर पलूसकडे शेतातल्या वस्तीवर राहिलेली होती. धाकटा मुलगा फौजेत गेला, जमीन वाट्याने दिली गेली, गुरे विकली, आणि म्हातारी सांगलीला माडीवर आली. दिवसभर ती बरी असे. भाकरी करी, माझी चौकशी करी, माझे लग्न झाले का ते दर खेपेला नव्याने विचारी. दिवेलागणीला मात्र तिला चैन पडत नसे.

"गुरं आली आसतील," ती म्हणे. "कोन बांधायचं त्यास्नी?" आणि जिना उतरू लागे.

एकदा ती कृष्णेच्या घाटावर पाण्यात गुडघाभर उभी असलेली नावाड्यांना सापडली. तिथे म्हशी पाण्याबाहेर येण्याची ती वाट बघत होती. दुसऱ्यांदा ती खालच्या वखारीत हळदीच्या पोत्यांमध्ये मिळाली. त्यानंतर यांनी एक दिवस बाहेरून कुलूप लावून पाहिले. संध्याकाळी कुलूप काढले तेव्हा तिच्या बोटांची सालटी निघाली होती आणि दाराला रक्त लागले होते. ते कुलूप पुन्हा लागले नाही.

घरमालक वाईट मनुष्य नव्हता. तो यांना मास्तर म्हणे, कारण हे पूर्वी साताऱ्याला काही वर्षे शिक्षक होते. माझ्यादेखत त्याने सांगितले, "मास्तर, वखारीत येऊन झोपल्या तर झोपू देत, हळद काही पळून जात नाही. पण माझ्या घरातून निघून त्यांचं नदीवर काही झालं, तर पंचनाम्याला मी उभा. पुन्हा एकदा बाहेर सापडल्या की दुसरी जागा बघा. राग मानू नका."

दुसरी जागा मिळण्यासारखी नव्हती. युद्धामुळे गाव माणसांनी भरले होते, आणि विसरभोळ्या म्हातारीसकट खोली देणारा कुणी भेटणे कठीण होते. वस्तीवर परत न्यावे तर तिथे तिच्याजवळ राहणारे कुणी उरले नव्हते.

कुत्र्याची कल्पना तिच्यामुळेच सुचली. संध्याकाळी गॅलरीत उभी राहून ती "यू यू यू" अशी हाक मारी. वस्तीवर त्यांच्याकडे एकामागून एक कुत्री झाली. सगळ्यांचे नाव वाघ्याच. जनावर जवळ असले की ती त्याच्यात गुंतून राहील, असे यांच्या मनाने घेतले. मालकाने परवानगी दिली, पण अट घातली. त्याच्या बायकोचे सोवळे कडक होते आणि स्वतः त्याची झोप हलकी होती. "जिन्याखाली उतरायचं नाही आणि भुंकायचं नाही," तो म्हणाला. "भुंकलं तर कुत्रं आणि बिऱ्हाड एकदमच हलवा."

आजवर त्या भागात कुत्रे कुणी निवडले असेल तर ते शेतासाठी निवडले होते. माडीसाठी कसे निवडायचे हे सांगणारा कुणी नव्हता. त्यांनी स्वतःच विचार केला. पाय आखूड हवेत, म्हणजे जिना चढताना धाप लागेल आणि उतरायची इच्छा होणार नाही. केस कमी हवेत. आई शांत हवी. शेपूट लहान असली तर बरे, कारण खोलीत दुधाची भांडी जमिनीवर असतात. कचेरीत ते हे बोलत तेव्हा छापखान्यातले जुळारी अक्षरांचे खिळे जुळवायचे थांबून ऐकत. साताऱ्याची फेरी फुकट गेली. सांगलीत एका वकिलांकडे विलायती जातीची छोटी पिल्ले होती, पण शेजाऱ्यांनी सांगितले की ती कावळ्यावरही भुंकतात, आणि सांगलीत कावळ्यांना तोटा नव्हता.

शेवटी तासगावच्या रस्त्याला एका वस्तीवर पिल्ले असल्याचे कळले. कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीने आम्ही गेलो. चढ आला की उतारू खाली उतरून चालत. त्यांनी चालकाला टाकी फुटण्याची शक्यता किती ते विचारले. चालक म्हणाला, "आजून तरी फुटली न्हाई." हे उत्तर त्यांना पटले.

वस्तीवरचा शेतकरी फौजेतून पाय अधू होऊन परत आलेला होता. गोठ्याच्या कडेला पिल्ले खेळत होती. त्याने एकेकाला मानेच्या कातडीला धरून उचलले. उचलल्यावर जे ओरडत नाही ते राखणीला चांगले, अशी त्या भागातली परीक्षा आहे.

"ह्ये बगा. वरडलं न्हाई. वस्तीला ह्येच न्या."

"वस्तीला नको. माडीवर ठेवायचंय."

"माडीवर?" तो हसू लागला. "आवं, तुमास्नी कुत्रं पायजे का कबुतर?"

हे हसले नाहीत. त्यांनी त्याच्याकडून लोखंडी घमेले मागून घेतले, पिल्लांच्या मागे जाऊन त्यावर दगड जोरात आपटला. सगळी पिल्ले केकाटत पांगली. त्यांची आई भुंकत धावून आली. एक पांढरे पिल्लू मात्र चामड्याचा तुकडा चघळत तसेच बसून राहिले. त्यांनी पुन्हा घमेले वाजवले. पिल्लाने मानही वळवली नाही.

"हे," ते म्हणाले. त्या दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर समाधान मी एवढे एकदाच पाहिले.

"ह्ये व्हय? ह्ये जरा थंड हाय."

"मला थंडच हवंय."

"न्या की गड्या मग." त्याने पिल्लू त्यांच्या हातात दिले. "आवसंपातूर ठिवून बगा. न्हाई पटलं तर आनून द्या, दुसरं न्या. आवस झाली की मातूर त्ये तुमचं."

म्हातारीने पिल्लाला पाहताच वाघ्या म्हटले. जणू ते मधे कुठे तरी जाऊन आले होते. तिने त्याचे पाय पुसले, त्याला ओच्यात घेतले आणि त्या संध्याकाळी ती गॅलरीत गेली नाही. पुढचे काही दिवस असेच गेले. पिल्लाला एक खोड होती. ते तिच्या पावलांवर पोट टेकवूनच झोपे. ती हलली की जागे होई आणि तिच्या मागे जाई. हाक मारली की मात्र येत नसे.

"मानी हाय," म्हातारी मला म्हणाली. "हाक मारली की येत न्हाई. आपून जवळ गेलं की येतंय. आमचं मामंजी असंच हुतं."

घरमालक खूश होता. "मास्तर, असं गुणी कुत्रं मी जन्मात पाहिलं नाही. घरात आहे की नाही तेच कळत नाही."

हे ऐकून यांची झोप उडाली. इतके गुणी कुत्रे कसे असेल? शेजारपाजारच्या एकाही माणसाची तक्रार कशी नाही? ते पिल्लावर नजर ठेवू लागले. एका सकाळी खालच्या वखारीत तराजूचे मोठे पारडे वजनांसकट फरशीवर पडले. आवाज रस्त्यापर्यंत गेला. मालकाची बायको ओरडली. माडीवर पिल्लू खाटेवर, गोधडीत झोपले होते. त्याचा कानसुद्धा हलला नाही.

ते कचेरीत आले तेव्हा त्यांनी टोपी काढली नव्हती.

"घमेलं वाजवलं तेव्हा तुम्ही काय पाहिलंत?" त्यांनी मला विचारले.

"पिल्लू जागचं हललं नाही."

"बरोबर. मीही तेच पाहिलं. आणि मनात लिहिलं काय? धीट आहे, शांत आहे. पाहिलेलं खरं होतं. काढलेला अर्थ खोटा होता. त्याला ऐकू येत नाही."

दुपारी म्हातारी खाली मालकिणीकडे हळकुंडे निवडायला बसली असताना आम्ही दोघांनी खात्री केली. माडीची जमीन फळ्यांची होती, म्हणून त्यांनी पिल्लाला गादीवर ठेवायला लावले, नाहीतर हादरा लागून ते वळेल. मग पाठीमागून टाळ्या, शिट्टी, तांब्यावर पळी. पिल्लू माझ्या बोटांशी खेळत राहिले.

संपादकांना कळले तेव्हा ते म्हणाले, "मग तर तुमच्याच घराण्यातलं. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवत नाही." कचेरी हसली. हे हसले नाहीत.

"राखणीला बहिरा ठेवलाय मी," ते मला म्हणाले. "ती उठून गेली, हे झोपलेलं असलं, तर कुणाला कळणार? हाक मारली तर ओ देणार नाही. शोधायला गेलं तर भुंकून सांगणार नाही. एकाऐवजी दोन हरवतील."

अमावास्या जवळ आली होती. पिल्लू बदलून आणायचे ठरले. आईला सांगायचे नाही, दुसरे आणून तेच आहे म्हणायचे, असा त्यांचा विचार होता. पण पांढऱ्या रंगाचे दुसरे पिल्लू तिथे नव्हते, हे आम्हा दोघांनाही माहीत होते. रंग बदलला तर ती ओळखेल का, ओळखले तर काय करेल, यावर ते दिवसभर बोलत. शेवटी त्यांनी तासगावच्या मोटारीत दुसऱ्या दिवशी सकाळच्या दोन जागा सांगून ठेवल्या.

आदल्या संध्याकाळी अंक छपाईला जात होता. पहिल्या पानाचे मुद्रित त्यांच्या हातात होते. घरमालक स्वतः कचेरीच्या दारात आला. तो धापा टाकत होता.

"मास्तर, आई नाहीत. कुत्रंही नाही. आमची मंडळी देवापाशी दिवा लावत होती, तेवढ्यात."

त्यांनी मुद्रित टेबलावर ठेवले. डाव्या की उजव्या बाजूला, ते त्यांनी पाहिले नाही. आम्ही घाटाकडे निघालो, मालक बाजाराच्या दिशेला गेला.

घाटावर नावाडी नावा बांधत होते. "म्हातारी न्हाई आली आज," त्यातला एक म्हणाला.

"नक्की?"

"आवं, मी दुपारधरनं हितंच हाय."

तरीही ते पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेले आणि वाकून पाहत राहिले. पाणी गढूळ होते, त्यात काही दिसण्यासारखे नव्हते. मग कुणीतरी सांगितले की एक म्हातारी, मागे पांढरे पिल्लू, अशी हरिपूरच्या रस्त्याने जाताना दिसली. पाहिले का ऐकले, हे त्यांनी विचारले नाही. ते चालू लागले होते.

हरिपूरला हळदीची पेवे आहेत. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेले कोठार, तोंडाशी माणूस जाईल एवढे अरुंद आणि आत खोलीएवढे रुंद. हळद काढायची असली की मजूर आधी तोंड उघडून ठेवतात आणि आतली कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत खाली उतरत नाहीत. घाई केलेले मजूर आतल्या आत मेल्याच्या बातम्या आमच्याकडे येत. त्या खऱ्या निघत आणि उजव्या बाजूला ठेवाव्या लागत. हंगाम चालू होता. बरीच पेवे उघडी असणार, हे आम्ही एकमेकांना सांगितले नाही.

उजेड कमी होत चालला होता. ते पुढे धावत होते आणि "आये! आये!" अशी हाक मारत होते. उत्तर येत नव्हते. मग त्यांनी "वाघ्या! ए वाघ्या!" अशी हाक सुरू केली. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी हाक थांबवली नाही.

रस्त्यापासून थोडे आत, मातीच्या ढिगाला टेकून म्हातारी बसली होती. पाय समोर पसरले होते. तिच्या पायांपुढे, एखादी घोंगडी अंथरता येईल एवढ्या अंतरावर, पेवाचे काळे तोंड होते. झाकणाचा दगड बाजूला पडला होता. पिल्लू तिच्या दोन्ही पावलांवर आडवे झोपले होते.

ते ओरडले, "आये!"

तिने हात वर करून त्यांना थांबवले. "हळू की रं. आत्ताच डोळा लागलाय त्येचा. लय चाललं लेकरू."

मी वळसा घालून पेवाच्या आणि तिच्या मध्ये जाऊन उभा राहिलो. आतून हळदीचा आणि कोंडलेल्या मातीचा उग्र वास येत होता. ते तिच्याजवळ गुडघ्यांवर बसले. तिच्या खांद्याला, दंडाला, गुडघ्यांना त्यांनी हात लावून पाहिले.

"ऊठ आये. घरी चल."

"त्ये उठंल तवा उठू."

"आणि गुरं?" त्यांनी विचारले. हा प्रश्न त्यांनी का विचारला ते मला कळले नाही. कदाचित ती पुढे कुठे निघाली होती ते त्यांना निश्चित करायचे असेल.

"यीत्याल की गुरं," म्हातारी म्हणाली. "वाट ठावं हाय त्यास्नी. ह्ये बारीक हाय."

त्यांनी पेवाकडे पाहिले, तिच्या पावलांकडे पाहिले. मग नुकतेच धुऊन आलेले असावे अशा पांढऱ्या धोतरानिशी ते मातीत तिच्या शेजारी बसले, आणि एक हात त्यांनी तिच्या लुगड्याच्या पदरावर ठेवला.

"मी पिल्लाला उचलून घेतो," मी म्हणालो. "म्हणजे निघता येईल."

"हळू बोला," ते कुजबुजले. "मालकांना जाऊन सांगा, सापडली म्हणून. आणि तासगावच्या मोटारवाल्याला म्हणावं, उद्याच्या जागा नकोत."

मागे रस्त्यावरून पोत्यांनी भरलेली बैलगाडी खडखडत आली. चाकांच्या लोखंडी धावा दगडांवर आपटत होत्या. आम्हाला पाहून गाडीवानाने कासरा ओढला आणि खड्या आवाजात विचारले, "काय झालं वो पावनं?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवले.